टॉप फाइव्ह सांगा, मग बोलू!

काही सिनेमे आपण बघतो आणि काही सिनेमे आपण लोकांना बघायला लावतो. माझा दुसऱ्या प्रकारातला सिनेमा म्हणजे ‘हाय फिडेलिटी’. ऑफिसात कुणी नवीन जॉइन झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डबा खाताना मी विषय काढतेच. टीममधली जुनी मंडळी तेव्हा आपापल्या भाजीकडे बघत हसतात. हसू देत!

सिनेमा २००० सालचा. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, हीरो जॉन क्युसॅक. मूळ कादंबरी निक हॉर्नबीची, १९९५ ची. ती घडते लंडनमध्ये. क्युसॅक आणि त्याच्या लेखक दोस्तांनी ती उचलून थेट शिकागोत नेऊन ठेवली, आणि गंमत म्हणजे तिथेही ती फिट्ट बसली. गाण्याचं वेड असलेली माणसं बहुतेक सगळीकडे सारखीच!

गोष्ट म्हटली तर एवढीशी. रॉबचं शिकागोत रेकॉर्ड्सचं दुकान आहे, ‘चॅम्पियनशिप व्हाइनल’. गिऱ्हाईक बेताचंच. दुकानात डिक आणि बॅरी हे दोन नग. दोघांना ठेवलं होतं आठवड्यातून तीन दिवसांसाठी, पण येतात रोज! अशात रॉबची गर्लफ्रेंड लॉरा सामान घेऊन निघून जाते. मग साहेब काय करतात? आयुष्यातल्या सगळ्यात बेक्कार पाच ब्रेकअप्सची यादी. वर, त्या यादीत तुझा नंबर लागत नाही, हे लॉराला ठणकावतात. आणि यादीतल्या जुन्या मैत्रिणींना गाठून ‘माझं काय चुकलं?’ विचारायला निघतात. हे सगळं रॉब थेट कॅमेऱ्यात बघून आपल्याला सांगतो, कट्ट्यावरचा मित्र सांगेल तसं.

या सिनेमातली माणसं श्वास घेतल्यासारख्या टॉप फाइव्ह याद्या करतात. मग मीही माझी करते. माझे आवडते पाच सीन, उलट्या क्रमाने.

पाच. सोमवार सकाळ. बिचारा डिक दुकानात हळुवार काहीतरी लावून बसलाय. बॅरी येतो, ते बंद करतो, स्वतःची कॅसेट घालतो आणि ‘वॉकिंग ऑन सनशाइन’ फुल आवाजात लावून नाचायला लागतो. हा बॅरी म्हणजे जॅक ब्लॅक. ‘स्कूल ऑफ रॉक’ पुढे २००३ मध्ये आला, पण त्याने खरी बॅटिंग केली ती इथे.

चार. रॉब हळूच सांगतो, की आता मी ‘बीटा बँड’ लावणार आणि पाच रेकॉर्ड्स विकणार. लावतो. दुकानातली माणसं नकळत माना डोलवायला लागतात. एकजण विचारतो, हे कोण? बस्स. आपण लावलेल्या गाण्यावर अनोळखी मान डोलताना बघणं, यासारखं सुख नाही!

तीन. एक मध्यमवयीन बाबा दुकानात येतात. मुलीच्या वाढदिवसासाठी त्यांना स्टीव्ही वंडरचं ‘आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू’ हवंय. ऑस्कर मिळवलेलं गाणं, दुकानात आहेही. पण बॅरी देत नाही! का? तर ते गाणं गुळचट आहे म्हणून. दुकानदार गिऱ्हाइकाला त्याच्या आवडीवरून हाकलतोय. पोट धरधरून हसतो आपण. मग बाबांचा चेहरा आठवतो.

दोन. लॉराचे वडील जातात. बातमी दुकानात येते. बॅरी आणि डिकला वाईट वाटतं, मनापासून. पण बोलायचं काय? मग मृत्यूवरच्या पाच गाण्यांची यादी सुरू होते, तीही लॉराच्या वडिलांना आदरांजली म्हणून! दुःखात काय बोलावं हे न सुचणारी माणसं आपल्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा.

एक. रॉब घरी जमिनीवर रेकॉर्ड्सचे ढीग घालून बसलाय, नव्याने लावतोय. डिक विचारतो, कशा लावतोयस? वर्षांप्रमाणे? नाही. मग आद्याक्षराप्रमाणे? तेही नाही. रॉब त्या लावतोय स्वतःच्या आयुष्याच्या क्रमाने! म्हणजे एखादी रेकॉर्ड शोधायची, तर ती आपण कधी, कुणासाठी घेतली होती, हे आधी आठवायला हवं. डिक थक्क. मीही, दर वेळी.

कुणी म्हणेल, हा तर पोरांचा सिनेमा. मला नाही वाटत. २०२० मध्ये यावर मालिका आली, तिच्यात रॉब चक्क मुलगी होती. ती साकारली झोई क्रॅविट्झने, आणि सिनेमात गायिका मरीचं काम केलंय ते तिची आई लिसा बोनेटने. मालिका एकाच सीझनमध्ये गुंडाळली गेली, तो भाग वेगळा.

तर, रॉबचा मूळ फंडा असा, की माणूस कसा आहे यापेक्षा त्याला काय आवडतं हे महत्त्वाचं. कॉलेजात हा फंडा मला जाम पटायचा. लॉराला तो मान्य नाही. कादंबरीत एक झकास प्रसंग आहे, सिनेमात तो नाही. ती रॉबला एका जोडप्याकडे जेवायला नेते. त्याला ते दोघे फार आवडतात. मग ती म्हणते, आता यांच्या रेकॉर्ड्स बघ. रॉब बघतो आणि हादरतो. त्याच्या हिशेबाने सगळा कचरा! पण माणसं तर आवडून बसलीत, आता काय करणार?

हा प्रश्न सध्या माझ्या घरात गाजतोय. वय वर्षं एकोणतीस, म्हणजे आमच्याकडे रविवार सकाळ स्थळांसाठी राखीव. बायोडेटात ‘छंद : संगीत ऐकणे’ प्रत्येकाच्या असतंच. ‘काय ऐकता?’ विचारलं, की उत्तर ठरलेलं : ‘सगळंच.’ म्हणजे काहीच नाही!

गेल्या महिन्यात भेटलेला मुलगाही ‘सगळंच’वालाच निघाला. पण वेटरशी नीट बोलला, माझं बोलणं मधे तोडलं नाही, आणि विनोद कळत होते. मी म्हटलं, सगळंच नको, पाच गाणी पाठव, आणि प्रत्येकापुढे कारण लिही. आई म्हणाली, ‘अगं, लग्न करायचंय की परीक्षा घ्यायचीय?’

दोन दिवसांनी यादी आली. मी आपणहून एकही लावली नसती अशी पाच गाणी. पहिलं, रात्रीच्या ट्रॅव्हल्समधलं. होस्टेलवर परत जाताना ड्रायव्हर हमखास लावायचा म्हणे. दुसरं, बहिणीच्या वरातीतलं. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं : बाबांची रिंगटोन. ते जाऊन चार वर्षं झाली, नंबर अजून बंद केलेला नाही.

मी ते गाणं तीनदा ऐकलं. गाणं म्हणून ते मला आजही सुमारच वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या गाण्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. रॉबच्या त्या जमिनीवरच्या ढिगांचा अर्थ मला त्या रात्री जास्त कळला. यादीत काय आहे ते वाचून माणूस फारसा कळत नाही. का आहे ते विचारलं, की तो बोलायला लागतो.

सिनेमाच्या शेवटी रॉब लॉरासाठी एक टेप करायला घेतो. आजवर तो स्वतःला आवडणारी गाणी लोकांना ऐकवत आलाय. या वेळी तो तिला आवडतील ती निवडतोय. साधीच गोष्ट, पण तिथवर यायला त्याला अख्खा सिनेमा लागतो. मग श्रेयनामावली सुरू होते आणि गाणं कुणाचं? स्टीव्ही वंडरचं! ज्याच्या गाण्यावरून त्या बाबांना हाकललं, त्याच्याच आवाजात सिनेमा संपतो.

या रविवारी मी त्या मुलाला ‘हाय फिडेलिटी’ दाखवणारेय. सबटायटल्स लावून, मधे चहाचा ब्रेक घेऊन. पुढचं काय? आईलाही तेच हवंय. रॉब लग्नाचं विचारतो तेव्हा लॉरासुद्धा लगेच ‘हो’ म्हणत नाही, विचारल्याबद्दल थँक्स म्हणते. तूर्तास माझंही तेच उत्तर.

आणि तुम्ही? कागद घ्या, पाच गाणी लिहा. कारणांसकट!