आमचा राईट कॉर्नर

इंटर-हॉस्टेल कबड्डीची टीम लागली आणि राईट कॉर्नरला पुन्हा त्याचंच नाव! मेसमध्ये कडक भाकरीपेक्षा चर्चा कडक. गेल्या वर्षी त्याच्या हातून सात पकडी सुटल्या होत्या. रात्री वहीत मांडणारा मीच. मी कॉन्व्हेंटवाला, कबड्डी टीव्हीवर शिकलेलो, त्यामुळे आकड्यांवर भारी विश्वास.

कॅप्टन म्हणाला, "२०२२ ला पुणेरी पलटणने फजल अत्राचलीला १.३८ कोटींना घेतलं. फायनल हरले, सोडून दिलं. २०२३ ला गुजरातने १.६० कोटी मोजले. ते काय येडे होते?"

प्रॅक्टिसला मी त्याच्या शेजारी, कव्हरला. त्याने रेडरचा घोटा धरला आणि मी कचरलो. रेडर त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत घेऊन गेला. आता वहीत काय लिहायचं? 'पकड सुटली, कॉर्नर'? तेव्हा ट्यूब पेटली. गेल्या वर्षीही कव्हरला मीच होतो!

तो चिडला नाही. कोपराची माती झटकत म्हणाला, "पुढच्या टायमाला ये रे."

मॅचचा निकाल क्रीडा विभागाच्या पानावर आहेच. मी वेळेत गेलो, एवढंच इथे सांगतो. वही मात्र फाडली नाही; सातही पकडींपुढे माझं नाव लिहिलंय.