निपाणीच्या वाटेवर

उपवासकाळातील एका शनिवारी आम्ही बेळगावहून निपाणीकडे निघालो. काकती, हत्तरगी, संकेश्वर मागे पडले व तवंदीचा घाट ओलांडताच तंबाखूचा उग्र दर्प बसच्या खिडकीतून आत शिरला. या मुलखात दुकानांवरील पाट्या कानडी, बाजारातील बोलणे मराठी, तर आमच्या कित्येक कुटुंबांची सायंप्रार्थना कोकणी. शिवाय 1929 साली जेथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली ते कोल्हापूर येथून जेमतेम 40 किलोमीटर. तेव्हा सिनेमाचे वेड येथे आजचे नव्हे. पूर्वी त्यासाठी एस.टी.ने जावे लागे, आता तो मुलांच्या तळहातावर आला आहे.

आम्ही जात होतो ते एका मातेच्या निरोपावरून. “फादर, पोरगी क्रुसाकडं बघंना झालीया,” एवढेच ती म्हणाली होती.

घरी पोहोचलो. सात वर्षांची ती मुलगी आजीच्या विड्यांच्या सुपाआड बसून राहिली. पित्याने खालच्या आवाजात हकिकत सांगितली. मागल्या शुक्रवारी त्याने मुलांना मेल गिब्सन यांचा 2004 सालचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ हा चित्रपट मोबाइलवर दाखविला. फटक्यांचा तो दीर्घ प्रसंग आला तेव्हा मुलीने डोळे मिटले. त्या रात्रीपासून ती दचकून उठते.

“देवाचाच पिक्चर हाय की, फादर. आणि तुम्हीच तर मिस्सात सांगितलासा.”

आम्ही निरुत्तर झालो. वेदीवरून आम्हीच म्हटले होते, की शुक्रवारी घरोघरी प्रभूच्या दुःखसहनाचा चित्रपट पाहावा. कोणता, कोणत्या वयास, हे सांगावयाचे राहिले. याच चित्रपटास अमेरिकेत 17 वर्षांखालील मुलांना पालकांच्या सोबतीविना प्रवेश नव्हता. सोबत होती म्हणून येथे तरी काय साधले? पिता शेजारीच बसला होता.

वाचकहो, परमगुरू अकरावे पायस यांनी 1936 साली चलच्चित्रांविषयी खास परिपत्रक काढले, तेव्हा निदान चित्रपटगृहाच्या दारी तिकीट फाडणारा मनुष्य उभा असे. मोबाइलला द्वारपाल नाही. आपल्या सेन्सॉर मंडळाने 2024 पासून यूए प्रमाणपत्राचे 7, 13 व 16 वर्षे असे तीन टप्पे केले, हे चांगलेच झाले. परंतु आपले लेकरू कशाने भिते हे कोणत्याही मंडळास ठाऊक असणार नाही. ते आईला ठाऊक असते.

सायंकाळी आम्ही मुलांना परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) दाखविला. या वेळी मात्र तो आधी स्वतः पाहून ठेवला होता. पंढरपूरची कथा म्हणताच आजीच्या कपाळास आठी पडली. “आमच्यातला न्हवं हो तो.” आम्ही सांगितले, की सिनेमाच्या शताब्दीनिमित्त 1995 साली व्हॅटिकनने 45 चित्रपटांची यादी केली, तीत ॲटनबरो यांचा ‘गांधी’सुद्धा आहे. आजीचे समाधान झाले असे वाटले नाही, पण सूप बाजूस सारून ती बसली खरी.

कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र गेलेले. मृत वडिलांनी बनविलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून मुले एकादशीच्या गर्दीत आईला चोरून बांगड्यांचे दुकान मांडतात. एका पोराच्या तोंडी शिव्या आहेत. तेथे पिता मोबाइल बंद करावयास सरसावला. आम्ही खूण करून थांबविले, कारण त्या शिव्या मुलांनी गल्लीत आधीच ऐकलेल्या होत्या.

चित्रपट संपला. वडील मुलगा म्हणाला, “ते बरोबरच केले, सायकल बापाची होती.” त्यावर सुपाआडची ती मुलगी प्रथमच बोलली. “आईला न सांगता केलं की! ते पाप न्हवं काय, फादर?”

वाद जेवणापर्यंत चालला. आईनेही बाजू घेतली, ती मुलीची.

दुसऱ्या दिवशी त्या घरी मिस्सा केली. क्रुसाचे चुंबन घेण्याची तिची पाळी आली तेव्हा ती आईच्या पदराआड गेली. आम्ही आग्रह केला नाही. सध्या भिंतीवरचा क्रूस तसाच असू द्यावा व पाळण्यातल्या बाळ येशूचे चित्र तिच्या अंथरुणाशी लावावे, इतके आईस सांगून आम्ही बस गाठली.