माणसाची निवड आणि कामाची घडण

औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र म्हणजे काम करणारा माणूस, त्याचे काम आणि ते काम ज्या संघटनेत चालते ती संघटना, या तिघांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास होय. कामाला योग्य माणूस कसा निवडावा आणि माणसाला पेलेल असे काम कसे घडवावे, हे या शास्त्राचे दोन मूलभूत प्रश्न आहेत. भारतात पहिल्या प्रश्नाला जे संस्थात्मक बळ मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही, आणि या विद्याशाखेच्या भारतीय वाटचालीतील ही सर्वांत मोठी उणीव मानावी लागते.

मानसशास्त्राचे विद्यापीठीय अध्ययन कलकत्ता विद्यापीठात 1916 साली सुरू झाले असले, तरी माणसे निवडण्याचा व्यवहार मुंबईच्या गिरण्यांत त्याआधीच रुळला होता. कोकणातून आणि घाटावरून येणाऱ्या माणसाला खात्यात उभे करणारा, टिकवणारा आणि काढून टाकणारा जॉबर हाच तिथला निवड अधिकारी होता व त्याची दस्तुरी, म्हणजे कामगाराकडून तो घेत असलेली रक्कम, ही काम मिळण्याची किंमत होती. 1934 च्या मुंबई कायद्याने आलेला सरकारी कामगार अधिकारी आणि पुढच्याच वर्षी गिरणीमालकांनी आखलेली बदली कामगारांच्या नोंदणीची योजना, या दोन्हींनी जॉबरच्या सत्तेला प्रथमच आळा घालण्याचा प्रयत्न केला. हे उपाय प्रशासकीय होते, परंतु माणसाची पारख कोणी व कशाच्या आधारे करावी हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मानसशास्त्राचाच होता.

शास्त्रीय निवडीची पद्धत दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीपासून रुजली. रेल्वेत ती अपघातांमुळे आली. रेल्वे अपघातांचा विचार करणाऱ्या कुंझरू समितीनंतर 1964 मध्ये रेल्वेने स्वतःचा मानसतांत्रिक कक्ष स्थापन केला. सहाय्यक लोको पायलटच्या आजच्या संगणकीय अभिक्षमता कसोटीत, म्हणजे शिकलेल्या ज्ञानाऐवजी कामाला लागणारी उपजत व सरावाने आलेली क्षमता मोजणाऱ्या परीक्षेत, स्मरण, सूचनांचे पालन, अंतराचा अंदाज, एकाग्रता आणि दृष्टीने चटकन टिपण्याचा वेग अशा पाच चाचण्या असतात. प्रत्येकीत किमान 42 टी-गुण लागतात. टी-गुण म्हणजे सरासरीला 50 आणि प्रमाण विचलनाला, म्हणजे गुणांच्या पसरटपणाच्या मापाला, 10 धरून केलेली मांडणी. त्यामुळे 42 ही सरासरीच्या थोडी खालची रेषा ठरते. ती कोणत्याही प्रवर्गासाठी शिथिल होत नाही, आणि उत्तम स्मरणशक्ती दुबळ्या एकाग्रतेची भरपाईही करू शकत नाही. हा नियम कठोर वाटला तरी योग्यच आहे, कारण चुकलेल्या सिग्नलची भरपाई दुसऱ्या कोणत्याही गुणाने होत नसते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर अशीच गरज निर्माण झाली. 1975 मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत सुरू झालेली निवडसेवा 1984 मध्ये मुंबईतील आयबीपीएस ही बँक कर्मचारी निवडीची स्वतंत्र संस्था बनली.

मात्र चाचणी उत्तीर्ण झालेला माणूस ज्या कामावर जातो त्याची रचना कोण तपासतो, हे नेरळला विचारण्यासारखे आहे. 1907 मध्ये सुरू झालेल्या, सुमारे 21 किलोमीटरच्या नेरळ–माथेरान रेल्वेमार्गावर काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट इतका चढ आहे. तिथे गाडी उतरताना डब्याडब्यावरचे ब्रेकमन चालकाच्या शिट्टीचा इशारा ओळखून हाताने ब्रेक आवळत किंवा सैल करत, आणि वळणागणिक किती जोर लावायचा याचे ज्ञान एकट्या चालकात न राहता सर्वांच्या हातांत वाटलेले असे. मे 2016 मध्ये गाडी घसरल्यानंतर सेवा थांबली आणि पुढे एअर ब्रेक आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सुधारणा आवश्यकच होती. पण तिने ब्रेकसोबत कामाची वाटणी, जबाबदारी आणि माणसांमधला संवादही बदलला. तंत्र आणि माणसांचे गट यांची घडण एकत्रच करावी लागते, या विचाराला सामाजिक-तांत्रिक दृष्टिकोन म्हणतात.

या दृष्टिकोनाचा जगभर अभ्यासला गेलेला प्रयोग भारतातच झाला. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले, तरी अपेक्षित उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये पाहिले, तेव्हा 224 मागांच्या त्या खात्यात बारा प्रकारची कामे सुटी-सुटी विभागलेली होती आणि कोण कोणाबरोबर काम करतो हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही सूचना येताच कामगारांनी स्वतःच गट जुळवले. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले.

टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी 1970 मध्ये त्या गिरणीची पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात ही पद्धत बरीचशी टिकून होती, तर इतरत्र बदलत्या परिस्थितीच्या दबावाखाली ती विरत गेली होती. गट जुळायला थोडा अवधी पुरला होता. पण तो टिकवण्यासाठी व्यवस्थापनाला बाहेरचा दबाव सतत झेलावा लागतो, आणि निवडीच्या चाचण्यांवर होतो तसा नियमित खर्च भारतीय उद्योगांनी या कामासाठी अजून मान्य केलेला नाही.