झाडांचे माहेर

पनवेल हे उतरण्याचे गाव नसून गाडी बदलण्याचे गाव आहे, अशी आमच्या मुंबईच्या नातेवाइकांची पक्की समजूत आहे. कोकणात निघालेली एसटी इथे थांबते, उतारू घाईघाईने चहा घेतात, आणि चहा निम्मा होतो न होतो तोच कंडक्टर घंटी मारतो. तेवढेच त्यांचे पनवेल! मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीच्या निमित्ताने इथे आलो त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. गाडी बदलायला उतरलो आणि इथलाच झालो, असे म्हणा ना.

या गावाची खरी शोभा पाहायची तर गच्चीवर जावे. पूर्वेला माथेरानची लांबलचक रांग, तिच्यापुढे प्रबळगड आणि त्याला बिलगलेला कलावंतिणीचा सुळका. दक्षिणेला कर्नाळ्याचा तो प्रसिद्ध अंगठा. श्रावणात हे सारे हिरवे असते आणि वैशाखात तांबूस. आज सांगणार आहे ती हकिगत याच डोंगरांच्या पायथ्याशी, नेऱ्याच्या वाटेवर असलेल्या एका लहानशा टेकडीची आहे. थोडी माझ्या फजितीचीही आहे.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्या गळ्यात पडले. मराठीच्या प्राध्यापकाला काम कमी असते, असा एक सार्वत्रिक समज आहे; त्याचेच हे फळ. टेकडी उघडीबोडकी होती. आम्ही पोरापोरींनी मिळून तिच्यावर तीनशे रोपे लावली. रोपे फुकट मिळाली होती, आणि फुकटच्या रोपाची जात कोण विचारतो? सगळी एकाच जातीची होती: ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे ज्याला आपल्याकडे नुसते ‘आकेशिया’ म्हणतात ते झाड. मुरमाड जमिनीतही ते असे काही तरारले, की सात-आठ वर्षांत टेकडी हिरवीगार दिसू लागली. आम्हाला एक ढाल मिळाली. ‘सरांनी लावलेले रान’ असे लोक म्हणू लागले आणि सर मनातल्या मनात फुगू लागले.

तीन वर्षांपूर्वी माघात, एका रविवारी सकाळी, सौ. आणि आमची कन्या यांना घेऊन मी ते रान दाखवायला गेलो. दशम्या बरोबर होत्या, सतरंजी होती, सावलीही होती. थोडा वेळ बसल्यावर कन्या म्हणाली, “बाबा, इथे आवाज का येत नाही?”

“कसला आवाज?”

“कसलाच.”

खरेच, वाऱ्याची सळसळ सोडली तर दुसरा आवाज नव्हता. पायाखाली वाळक्या पानांचा जाड थर, त्यात गवताची काडी नाही, किडा नाही, मुंगी नाही. त्याच वेळी डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक ठाकर आजी वाटेने उतरत होती. सौ.ने तिला पाणी दिले. ती टेकली, आमचे बोलणे तिने ऐकले, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “मास्तर, रान हिरवा हाय, पन मुका हाय. हितं पाखरू टेकतं, पन संसार नाय मांडत.”

आयुष्यभर मी मुलांना ‘थोडक्यात उत्तरे द्या’ असे सांगत आलो. इतके थोडके आणि इतके पुरते उत्तर मला कुणी दिले नव्हते.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. उत्तर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि इंडोनेशियाची काही बेटे हे या बाभळीचे मूळ घर. तिची लांबट पाने ही खरे म्हणजे पाने नसून पसरट झालेले देठ आहेत. निकस जमिनीत वाढते, गुरे तोंड लावीत नाहीत, सरपण लवकर मिळते; म्हणून १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात ती आपल्याकडे भरपूर लावली गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गुरे तोंड लावीत नाहीत ते पान बहुतेक अळ्याही खात नाहीत. आणि अळ्या नाहीत तिथे पाखराने पिलांना भरवायचे काय? फळे आणि दाणे खाणारे अनेक पक्षीसुद्धा पिलांना पहिले काही दिवस किडेच चारतात. म्हणजे जे झाड कुणीच कुरतडत नाही, ते आपल्याला निरोगी वाटते आणि पाखराच्या दृष्टीने ते रिकामे कोठार असते!

माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याला मी रागारागाने लिहिले, की तुझ्या त्या देशाच्या झाडांनी आमचे रान मुके केले. त्याचे उत्तर आले ते वाचण्यासारखे होते. तो ज्या ओढ्याकाठी राहतो तिथे शेजारीपाजारी सुटीच्या दिवशी जमतात आणि झाडे लावतात. पण आधी त्या ओढ्याकाठी मूळची कुठली झाडे होती ते पाहतात. नीलगिरीच्या तिकडे सातशेहून अधिक जाती आहेत, आणि ‘देशी आहे ना, मग चालेल’ असे म्हणून भागत नाही. त्याच भागातली जात निवडावी लागते. जुन्या नीलगिरीच्या खोडात ढोली पडायला शंभर वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि त्या ढोलीत पोपट अंडी घालतात. बँक्सियाच्या कणसासारख्या फुलांवर मध पिणारे पक्षी येतात. कोआला तर जवळजवळ नीलगिरीच्या पाल्यावरच जगतो. “मामा,” त्याने शेवटी लिहिले होते, “झाड वाईट नाही हो. ते इथे माहेरी आहे. तिथे तुम्ही त्याला एकटे सासरी नेऊन टाकलेत.”

भाचा इंजिनिअर आहे, पण मराठी मामाचा आहे!

मग माझा प्रश्न असा झाला, की पनवेल हे कुणाचे माहेर? उत्तर शोधायला मी ग्रंथालयात गेलो, आणि ते सापडले एसटीच्या पाटीवर. पळस्पे, करंजाडे, वडघर, ओवळे, मोहो, आपटे, कळंबोली! रोज ही नावे वाचत होतो. पळस, करंज, वड, ओवळ म्हणजे बकुळ, मोह, आपटा, कळंब. मराठीच्या प्राध्यापकाच्या कानाला एवढेही ऐकू येऊ नये? आमच्या पूर्वजांनी जणू रोपवाटिकेची यादीच गावांच्या नावांत लिहून ठेवली होती. यातली काही गावे आता जागेवर नाहीत. ओवळे आणि चिंचपाडा हा परिसर विमानतळात गेला, उलव्याची टेकडी कापली गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. नाव मात्र अजून जिभेवर आहे. नाव आहे तोवर झाड परत आणता येते, असे माझे आपले मत.

यादी मिळाली, पण झाडे प्रत्यक्ष पाहावीत म्हणून आम्ही कर्नाळ्याला गेलो. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर. १९६८ साली इथे पक्षी अभयारण्य झाले, तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ साली वाढवून बाराच्या आसपास झाले. फाल्गुन महिना होता. पांगारा आणि काटेसावर पाने टाकून नुसत्या फुलांनी पेटले होते, आणि प्रत्येक फांदीवर भांडण चालू होते. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल; जणू लग्नघरची पहिली पंगत! आमच्याकडे पळसमैना म्हणून एक गुलाबी पाहुणी हिवाळ्यात येते; तिच्या नावातच तिचे खानावळीचे झाड आहे. पुढे एका उंबरावर हरियालांचा थवा होता. उंबर, पायर, नांद्रुक या साऱ्या वडाच्या भावकीचे एक गुपित आहे. प्रत्येकाची आपली वेगळी, चिलटाएवढी माशी असते. ती त्या बंद फळात शिरते तेव्हाच आतल्या फुलांचे परागीभवन होते. ती माशी नाही तर बी नाही, आणि ते झाड नाही तर माशी नाही.

वैशाखात महाविद्यालयात बैठक भरली. एका दात्याने पाचशे रोपे फुकट देऊ केली होती: गुलमोहर, गिरिपुष्प आणि पुन्हा तीच बाभूळ. दात्याच्या नावाची पाटीही तयार होती. होकार द्यायचा आणि चहा घ्यायचा, एवढेच काम. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ही रोपे नकोत. आपल्याला ढाल मिळाली ते रान ही माझी चूक होती.” असे म्हणताना घशाला कोरड पडली होती, हे लपवीत नाही. वीस वर्षांत कमावलेले एकुलते एक नाव आपल्याच हाताने पुसायचे होते.

आमचे गणिताचे सहकारी मिस्कील आहेत. ते म्हणाले, “सर, मग मिरची आणि बटाटाही परदेशीच की! चिंच आफ्रिकेची. आणि तुम्ही तरी कुठले पनवेलचे? सांगलीला परत पाठवायचे का?”

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न खरा होता. मी म्हणालो, “माणूस परगावी येतो आणि दोन-चार वर्षांत शेजाऱ्यांची भाषा शिकतो. झाडाला आणि किड्याला एकमेकांची भाषा शिकायला हजारो वर्षे लागतात. अंगणात मिरची लावा, गुलमोहरही लावा. पण जिथे आपण रान परत आणू म्हणतो, तिथे झाड निवडताना ‘किती लवकर वाढेल’ हे विचारण्याआधी ‘कोण राहायला येईल’ हे विचारू या.”

दात्याला आमचे म्हणणे पटायला दोन महिने लागले, पण पटले. त्याच पाटीखाली दुसरी रोपे लागली.

निवड करताना पहिला सल्ला त्या ठाकर आजीचाच घेतला. ती म्हणाली, एकदम मोठ्या झाडांच्या मागे लागू नका. आधी झुडपे येऊ द्या. म्हणून उतारावर धायटी, करवंद आणि मुरुडशेंग. मधल्या भागात ऐन, किंजळ, असाणा, कुंभा, बहावा, काटेसावर. पायथ्याच्या ओढ्याकाठी करंज, उंबर आणि ताम्हण. सावलीच्या कडेला माकडलिंबू, कारण २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेले निलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. बी आम्ही जवळच्याच रानातून गोळा केले. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, ते पडले की लगेच पेरावे लागते. बहाव्याचे कठीण, त्याला गरम पाण्यात भिजवल्यावाचून जाग येत नाही. जुनी बाभूळ एकदम तोडली नाही. एकेक ओळ विरळ करतो आणि तिच्या सावलीत नवी रोपे वाढवतो. माहेर परके असले तरी सावली खरीच आहे. आणि दिवाळी झाली की गवत कापून जाळरेषा काढतो, कारण एक वणवा तीन वर्षांचे काम एका दुपारी संपवतो. खरी गंमत अशी, की वणवा आणि गुरे थांबताच, आम्ही न लावलेली ऐनाची आणि पळसाची धुमारे जुन्या बुंध्यांतून आपोआप वर आली. रान मेले नव्हते. वाट पाहत होते.

सगळे छान झाले, असे समजू नका. निम्मी रोपे पहिल्याच उन्हाळ्यात गेली. टेकडी अजून विटकी दिसते, आणि पाहुण्यांना दाखवावी अशी तर मुळीच नाही. ढाल मिळण्याची शक्यता शून्य!

गेल्या भाद्रपदात कन्येबरोबर पुन्हा गेलो. कमरेएवढ्या एका बहाव्यापाशी ती एकदम ओरडली, “बाबा, हे पाहा, सगळी पाने कुरतडली आहेत!” माझ्या छातीत धस्स झाले. वाकून पाहिले तर देठावर हिरव्या अळ्या बसल्या होत्या, आणि बाजूला पिवळसर पांढरी फुलपाखरे भिरभिरत होती. ती बहाव्यावर अंडी घालतात, हे आतापर्यंत मला ठाऊक झाले होते. इतक्यात शेजारच्या बाभळीवरून एक कोतवाल सरसर खाली आला, एक अळी उचलून गेला आणि पुन्हा आला.

ठाकर आजी खालच्या शेतात होती. मी तिला हाक मारून ते झाड दाखवले. तिने फाटक्या पानांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आता बोलाया लागला, मास्तर.”