संपलेल्या जॉबच्या नावे राहिलेली मेमरी

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे थोड्याच अंतरात झपाट्याने ओसरतो; त्यामुळे वेळवंडीवरील भाटघर, नीरेवरील नीरा देवघर किंवा आंबीवरील पानशेत या धरणांत किती पाणी येईल याचा अंदाज एखाद्या सरासरी आकड्यावरून बांधता येत नाही, तर खोऱ्याचे लहान लहान चौकोन पाडून, उतार, माती आणि पावसाचा जोर यांच्या निरनिराळ्या शक्यता धरून तेच गणित हजारो वेळा मांडावे लागते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले त्यामागे अपुऱ्या बांधकामाची कारणे होती हे खरे, तरीही धरणात येऊ घातलेल्या पाण्याचा अंदाज वेळेत मिळण्याचे मोल पुण्याला निराळे सांगावे लागत नाही.

अशी गणिते ज्या संगणक-संचावर चालत, त्याची देखभाल प्रस्तुत लेखकाकडे होती. संचातील प्रत्येक गणक यंत्राला नोड म्हणतात आणि वापरकर्त्याने सोपवलेल्या प्रत्येक कामाला जॉब. कोणता जॉब कोणत्या नोडवर जाईल हे स्लर्मसारखी रांग-व्यवस्था ठरवते. एका जॉबने शेजारच्या जॉबची मेमरी बळकावू नये यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात, कंट्रोल ग्रूप अर्थात सीग्रूप ही सोय आहे. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये तिचे काम सुरू केले, 2008 च्या जानेवारीत ती कर्नलच्या 2.6.24 या आवृत्तीत आली आणि मेमरीवर नियंत्रण ठेवणारा भाग, ज्यात आयबीएमच्या बलबीर सिंग यांचा मोठा वाटा होता, पुढच्याच आवृत्तीत दाखल झाला. जॉब सुरू होताना त्याच्या नावाची एक डिरेक्टरी तयार होते, त्याने वापरलेली मेमरी तिच्या खाती मांडली जाते आणि जॉब संपला की ती डिरेक्टरी काढून टाकली जाते.

पावसाळ्याआधीच्या दिवसांत, खोऱ्यांचे जॉब रांगेत असताना, काही नोड नवे जॉब सुरूच होऊ देईनासे झाले, आणि त्यांच्या लॉगमध्ये ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश दिसू लागला. डिस्क तपासली तर निम्म्याहून अधिक मोकळी होती. त्याहून घातक बाब अशी की, ज्या नोडवर जॉब क्षणात कोसळतो तो नोड रांग-व्यवस्थेला कायम रिकामाच दिसतो, त्यामुळे पुढचा जॉबही तिथेच पाठवला जातो. परिणामी एकच बिघडलेला नोड भोरमधील हिर्डोशी खोऱ्याची अख्खी रांग बघता बघता गिळून टाकी आणि धडधाकट नोड तेवढा वेळ रिकामे बसत.

संपली होती ती जागा डिस्कवरची नव्हती, क्रमांकांची होती. मेमरीच्या प्रत्येक ग्रूपला कर्नल 16 बिटांचा क्रमांक देतो, म्हणजे तेव्हा एका वेळी जेमतेम 65 हजार ग्रूप नांदू शकत. डिरेक्टऱ्या मोजल्या तर त्या मूठभरच होत्या, परंतु प्रॉक-सीग्रूप्स या फाइलमध्ये मेमरीच्या ओळीपुढील आकडा या मर्यादेला टेकलेला होता. म्हणजे डिरेक्टरी गेली तरी ग्रूप आतून जिवंत होता. असे का व्हावे, याचे उत्तर पेज कॅशमध्ये आहे. फाइल वाचली किंवा लिहिली की कर्नल तिची पाने मेमरीत ठेवून घेतो आणि ज्या जॉबने ते पान प्रथम आणले त्याच्या ग्रूपवर ते मांडतो. तोरणा-राजगडच्या उंचीचा नकाशा पहिल्या जॉबने वाचला, पुढच्या शेकडो जॉबनी तीच पाने वापरली, म्हणून ती कधी जुनी ठरली नाहीत. शिवाय प्रत्येक जॉबने लिहिलेल्या निकालाची चार-दोन पाने त्याच्या त्याच्या नावे उरलीच. वारसनोंद न झाल्याने सातबाऱ्यावर मयताचे नाव वर्षानुवर्षे राहावे, तसेच हे होते. एक पान उरले तरी ग्रूप सुटत नाही, आणि मुबलक मेमरीच्या नोडवर तंगी कधी येतच नसल्याने कर्नलला पाने काढून टाकण्याची गरज भासत नाही. मेमरी वाढवली म्हणजे अडचण मिटेल या समजुतीच्या नेमके उलट घडते, हे या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे अंग होय.

जुलै 2016 मध्ये योहानेस वाइनर यांनी केलेल्या दुरुस्तीत ग्रूपचे आयुष्य आणि क्रमांकाचे आयुष्य वेगळे करण्यात आले, आणि त्या दुरुस्तीच्या शीर्षकातच पुष्कळ लहान जॉबनंतर ग्रूप तयार न होण्याचा उल्लेख होता. ती येईपर्यंत कॅश रिकामी करण्याची आज्ञा हाच आधार होता: कर्नलच्या त्यासाठीच्या फाइलमध्ये 3 हा आकडा लिहिताच ग्रूपांची संख्या डोळ्यांदेखत हजारोंनी खाली येई. मात्र त्यात कामाची पानेही जात असल्यामुळे चालत्या जॉबचे वाचन मंदावते, म्हणून नोड आधी रांगेतून बाजूला काढून, त्यावरचे जॉब संपू देऊन, मगच ती आज्ञा देणे योग्य ठरते. ग्रूपांची संख्या ठरावीक मर्यादेपुढे गेली की नोड आपोआप बाजूला काढणारी तपासणी त्यानंतर प्रत्येक नोडवर बसवण्यात आली. ती नव्या कर्नलवरही काढून टाकू नये असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, कारण क्रमांक सुटला तरी न सुटलेला ग्रूप प्रत्येक प्रोसेसरमागे थोडी मेमरी धरून ठेवतो आणि पुष्कळ प्रोसेसरांच्या नोडवर त्याची बेरीज जाणवण्याइतकी होते.

मूळ उपाय मात्र जॉब सोपवणाऱ्याच्या हातात असतो. काही सेकंदांत संपणारी शेकडो गणिते स्वतंत्र जॉब म्हणून न पाठवता एकाच जॉबच्या पोटात ओळीने चालवली, तर ग्रूप एकच तयार होतो आणि रांगेवरचा भारही हलका होतो. संशोधकांचा यावर आक्षेप असा की, मधले एक गणित अडले तर पुढची सारी अडतात. तो रास्त आहे. म्हणून प्रत्येक गणिताचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये लिहावा, अडलेल्या चौकोनाचा क्रमांक नोंदवून पुढे सरकावे आणि तेवढेच चौकोन शेवटी पुन्हा चालवावेत, अशी पद्धत भाटघरच्या पाणलोटापासून सुरू करून पुढे इतर खोऱ्यांनाही लावण्यात आली.