पेठच्या तोफेपाशीं

कर्जत स्टेशनावर उतरून कशेळ्याच्या वाटेनें आंबिवलीस जावें व तेथून डोंगर चढूं लागावें, म्हणजे कोथळीगडाच्या पायथ्याचें पेठ गांव लागतें. त्यावरून या गडास पेठचा किल्ला असेंही म्हणतात. सुळक्याच्या पोटांत कोरलेला जिना व नक्षीदार खांबांची गुहा पाहून मन थक्क होतें. संभाजी महाराजांच्या काळीं येथें शस्त्रांचा सांठा असे; १६८४ सालीं गड मोगलांच्या हातीं गेला, आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांनीं पेशव्यांकडून घेतला.

गेल्या हिंवाळ्यांत नातवासह मी तेथें गेलों, तेव्हां माझें पाऊल अडलें तें मात्र गांवांतील जुन्या लोखंडी तोफेपाशीं. नातू म्हणाला, "आजोबा, केवढा हा गंज! घांसून काळा रंग दिला तर किती छान दिसेल!" तें ऐकून मला चाळीस वर्षांपूर्वींचा माझा अपराध आठवला.

मी ज्या गांवीं मास्तर होतों, तेथें शाळेच्या आवारांत अशीच एक तोफ पडली होती. स्वातंत्र्यदिनासाठीं ती चकचकीत करावी असें मीं ठरविलें. मुलांनीं विटकर, वाळू व तारेचे ब्रश घेऊन दोन दिवस ती घांसली. वर तैलरंग दिला. सर्वांनीं वाहवा केली. पुढें ध्यानांत आलें कीं, तोफेच्या मागल्या अंगास जीं पुसट अक्षरें दिसत असत, तीं गंजाबरोबरच गेलीं. पोथीची धूळ झाडतांना एक मात्राही जाऊं नये म्हणून जपणारा मी. त्या मींच मुलांकडून एक लेख पुसून घेतला! तो उतरून ठेवण्याचेंही मला सुचलें नव्हतें.

अशा अक्षरांचें मोल अलिबागेस कळतें. कुलाबा किल्ल्यांत गाड्यांवर चढविलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचें नांव आहे. जुन्या इंग्रजी तोफांवर पुष्कळदां तीन आंकडे असतात. ते हंड्रेडवेट, क्वार्टर व पौंड यांत तिचें वजन सांगतात. रंगाची गोष्ट याहून नाजूक. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. रणगाड्यावरील क्रमांक व पलटणीची खूण बहुधा रंगानेंच काढलेली असते. ती एकदां खरडली कीं तिचा मागमूसही उरत नाहीं.

मग गंजाचें करावें काय? संस्कृतांत ज्यास किट्ट म्हणतात, त्याच्या घट्ट थरांतच कधीं कधीं अक्षरांच्या कडा टिकून असतात. म्हणून तो सरसकट काढूं नये. प्रथम तिरप्या उजेडांत सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत. माती मऊ कुंचल्यानें कोरडीच झाडावी. तोफ ओल्या जमिनीवरून उचलून तोंड किंचित खालीं राहील अशी ठेवावी, म्हणजे आंत पाणी सांचत नाहीं. पुढील काम तज्ज्ञाचें. तो रंग नसलेल्या भागीं टॅनिक आम्ल लावून गंजाचें स्थिर, काळें द्रव्य बनवितो. हिरडा व हिराकस यांची शाई आपले पूर्वज करीत, तिचा काळेपणा याच जातीचा. शेवटीं मेणाचा पातळ थर देतात. तो पुढें काढतां येतो, हाच त्याचा गुण. तेल, शेंदूर, सँडपेपर व तैलरंग मात्र वर्ज्य. संरक्षित स्मारकावर तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून हातच लावूं नये.

पेठेस आम्हीं तोफेवरचा पाचोळा तेवढा हातानें काढला व छायाचित्रें घेतलीं. परततांना नातवानें विचारलें, "आजोबा, शाळेतल्या त्या तोफेवर काय लिहिलेलें होतें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं.