सूट कुणाला, भाव कुणाला

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार
घट बसले. संध्याकाळी वडोदऱ्यातल्या रावपुरा टॉवरच्या अलीकडच्या आमच्या नेहमीच्या वाण्याकडे गेले, तर तो कधी नव्हे तो वैतागलेला. आजपासून जीएसटी उतरला. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल अठरा टक्क्यांवरून पाचावर, तूप-लोणी आणि फरसाण बारावरून पाचावर, खाखऱ्यावर तर आता काहीच नाही. दुकानातला माल जुना, पाकिटावर छापलेली किंमत जुनी, आणि जो येतो तो वस्तू उलटीसुलटी करून विचारतो, "आता कितीला?" वाणी म्हणाला, "काकी, सकाळपासून मी सामान कमी विकलंय, हिशेब जास्त सांगितलेत."

शंभराच्या वस्तूवर अठरा कर म्हणजे ११८ होत होते, आता १०५. तेरा रुपये उतरले, म्हणजे अकरा टक्के. त्यासाठी कुणी कूपन कापलं नाही की मोबाइलवर कोड टाकला नाही. रावपुऱ्यातून जाणाऱ्या कुणालाही तोच भाव. पण याचा आनंद लोकांना आठवडाभरच पुरणार. उतरलेला भाव अंगवळणी पडतो. सूट मात्र दर शनिवारी नवी निघते आणि नव्याने आनंद देते.

२७ सप्टेंबर, शनिवार
सूनबाईने मोबाइलवरून किराणा मागवला. यादी झाली ७६० रुपयांची. हजारावर शंभर सूट, असा कोड होता. मग सॉसची बाटली, नूडल्स आणि कसलासा रूम फ्रेशनर घालून बेरीज हजारावर नेली आणि नऊशे भरले. तिच्या मते शंभर वाचले. माझ्या मते १४० जास्त गेले.
"आई, ते कधीतरी लागणारच होतं."
"रूम फ्रेशनर?"
नवरात्रात वाद नको म्हणून मी पुढे बोलले नाही. शिवाय ती मकरपुऱ्याहून, कामावरून साडेसातला घरी येते. तिने दुकानं हिंडून भाव करावेत, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार
शेजारच्या माईंना घेऊन एका मोठ्या दुकानात गेले. त्यांचं वय पंच्याऐंशी, फोन बटणांचा. फळीवर टूथपेस्टच्या दोन किमती: एक साधी आणि तिच्याखाली मोठ्या लाल अक्षरांत 'ॲपधारकांसाठी'. माईंनी लाल आकडा वाचून पैसे काढले, तर गल्ल्यावरच्या मुलीने वरचा आकडा लावला. मुलगी नम्र होती. तिच्या हातात काही नव्हतं.

कूपनाचं सगळं अर्थशास्त्र त्या दोन आकड्यांत आहे. एकाच वस्तूचे दोन भाव ठेवायचे. जो खटपट करील त्याला खालचा, जो करणार नाही किंवा करू शकत नाही त्याला वरचा. पूर्वी खटपट म्हणजे वेळ होता, आणि हाती पैसा कमी असलेल्याकडे निदान वेळ तरी असायचा. आता खटपट म्हणजे स्मार्टफोन. म्हणजे ज्याच्या गरजेपोटी सूट असावी त्यालाच ती मिळत नाही. अमेरिकेत सॅन डिएगो शहराने यंदा याबद्दल नियमच केला: ॲपवर दिलेली किराण्याची सवलत कागदी कूपनावरही द्यायची. आपल्याकडे असं कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन. तिला माईंची गोष्ट सांगितली तर तिचं कूपनपुराणच सुरू झालं. नव्वदच्या दशकात ती तिकडे गेली तेव्हा रविवारच्या जाडजूड वर्तमानपत्रात कूपनांची चोपडी यायची. कात्रीने कापून ती खणांच्या पाकिटात लावायची: साबण इकडे, सिरीयल तिकडे. "ताई, मुदत संपलेलं कूपन फेकताना जीव तुटायचा गं." तिकडे ही रीत जुनी. १८८० च्या दशकात कोका-कोलाने फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या, पुढे सी. डब्ल्यू. पोस्टने आपल्या सिरीयलवर एका सेंटची सूट दिली. आजही छापलेल्या शंभर कूपनांपैकी दोन-तीनसुद्धा गल्ल्यापर्यंत पोहोचत नाहीत. उरलेल्यांचा कागद, छपाई आणि वाटणी वस्तूच्याच किमतीत बसते.

मग एखादी कंपनी ती बंद करून भाव का उतरवत नाही? एकीने करून पाहिलं. जानेवारी १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो, रॉचेस्टर, सिराक्यूज या भागात कूपनं थांबवली आणि त्याबदली किमती कमी ठेवू म्हटलं. लोकांनी निषेध केला, सह्या गोळा केल्या. इतर कंपन्यांनीही कूपनं आवरल्यावर संगनमताचा आरोप झाला आणि १९९७ च्या एप्रिलमध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे तडजोड झाली तेव्हा ग्राहकांना भरपाई मिळाली, तीही कूपनांतच! धाकटीला हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मीसुद्धा सही केली असती."

तिची बाजू मला कळते. आमच्या घरीही १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी मुलांनी ब्रिटानियाच्या वेष्टनांवरच्या धावा मोजमोजून बिस्किटांचा ढीग लावला होता. कमावल्याचा आनंद असतो त्यात. उतरलेल्या भावात आपलं कर्तृत्व काय?

९ ऑक्टोबर, गुरुवार
रोजच्या कमी भावाचा सर्वांत मोठा दाखला आमच्या गुजरातचाच. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल सायकलवरून धुण्याची पावडर विकायला लागले. सर्फ किलोला तेराच्या आसपास असताना निर्मा तीन रुपयांत. कूपन नाही, बादली फुकट नाही. मध्यमवर्गाच्या मोरीत पावडर पोहोचली ती त्या तीन रुपयांमुळे. सर्फला मग भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ललिताजी टीव्हीवर आणावी लागली, सस्तं आणि चांगलं यांतला फरक पटवायला. डीमार्टची रीतही त्याच जातीची: २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान, जागा शक्यतो स्वतःच्या, पुरवठादाराचे पैसे झटपट चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा. पवई ते वडोदरा, गल्ल्यासमोरची रांग सगळीकडे सारखी.

१२ ऑक्टोबर, रविवार
दिवाळीच्या सामानासाठी हाथीखाना बाजारात. रवा, बेसन, पोहे ठोक भावात घेतले, तीन घरांचं एकत्र. गोण्या आमच्या ओट्यावर उतरल्या आणि वाटणी रात्रीपर्यंत चालली.

मुंबईकरांना हे नवं नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते. शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट, यादी आधी, माल एकदम, दुकान मुळीच नाही. सामान एकाच्या घरी येतं, बाकीचे जाऊन वाटून घेतात. संस्थापकांत बिंदुमाधव जोशींबरोबर सुधीर फडके ऊर्फ बाबूजीही होते. बाबूजींचं हे काम त्यांच्या गाण्यांइतकं कुणी आठवत नाही. आणि वडोदऱ्याला तर सहकार कुणी शिकवायलाच नको. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी इथेच १८८९ मध्ये काढली, सहकाराचा कायदा व्हायच्या पंधरा वर्षं आधी. कर्जासाठी एकत्र येणारी आमची माणसं डाळीसाठी का येत नाहीत, याचं उत्तर मी काल शोधलं असतं तर आदर्शवादी निघालं असतं. आज कंबर दुखतेय, त्यामुळे खरं सांगते: पोहे मोजणं कुणालाच नको असतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनतेरस
चहाचा मोठा पुडा, वर पिवळा पट्टा: 'चाळीस रुपये सूट'. किलोचा भाव ५९०. शेजारी पावशेराचा पुडा दीडशेला, म्हणजे किलोला सहाशे. चाळिसाच्या गर्जनेत खरी सूट दहाची. हा हिशेब करायला आता डोकंही लागत नाही. बहुतेक पाकिटांवर एमआरपीजवळ एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव बारीक अक्षरांत छापलेला असतो, तसा नियमच आहे. एमआरपी ही कमाल किंमत, आणि ती ठरवतो माल बनवणारा. तिच्यापेक्षा वीस टक्के कमी म्हटल्याने वस्तू स्वस्त ठरत नाही, कारण मुळात ती किती फुगवून छापली ते आपल्याला दिसत नाही. किलोचा भाव मात्र दोन पुड्यांत ताडून बघता येतो. भिंग घेऊन जावं लागलं तरी चालेल.

२६ ऑक्टोबर, रविवार, लाभपाचम
बाजार उघडला. वाण्याने नव्या चोपडीत पहिलं नाव आमचं घातलं. त्याचे भाव मोठ्या दुकानापेक्षा थोडे चढेच आहेत, पण महिनाअखेरपर्यंतची उधारी आणि माईंच्या दारात पोचवलेलं सामान त्यात धरलं, तर तेवढं चढं मला परवडतं. माईंची टूथपेस्ट आज तिथेच घेतली, उतरलेल्या करासकट. सूनबाईचा कोड चालू राहील, फक्त यादीत असलेल्या वस्तूंपुरता, असं आमचं ठरलंय. बाकी जिथे आधी फोन नंबर विचारतात आणि मग भाव सांगतात, तिथलं स्वस्त मला नको.